नागपूर महानगराचा ताळेबंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'नागपूर महानगर आणि त्याच्या पायाभूत सोयी' असा विषय मला नेमून देण्यात आला आहे. या विषयावर बोलण्याची एक ठरीव रीत आहे. देशाच्या मध्याची खूण म्हणून दाखविला जाणारा शून्य मैलाचा दगड, संत्री, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, मेट्रो, मिहान, समृद्धी महामार्ग यांची यादी द्यावी, काही आकडे सांगावेत आणि उज्ज्वल भवितव्याची ग्वाही देऊन खाली बसावे. ही माहिती खोटी नाही. परंतु अशा वर्णनाने शहर ओळखता येते, असे मला वाटत नाही.

साधा किराणा दुकानदारही दिवाळीला वही उघडतो तेव्हा तिला दोन बाजू असतात. जमा काय झाले ते एकीकडे आणि कोणाच्या नावे काय पडले ते दुसरीकडे. नागपूरच्या वहीत जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहिली जाते. नावे कोणाच्या पडले, हे लिहायचे मात्र राहून जाते. ती दुसरी बाजू भरून पाहण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण आजच्या अनेक सवयी तेथून आल्या आहेत. नागपूर हे मुळापासून सत्तेचे गाव. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजाने नाग नदीच्या काठच्या बारा वाड्या एकत्र करून ते वसविले. पुढे भोसल्यांनी तेथे राजधानी केली. १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण करून नागपूर ही त्याची राजधानी ठरविली. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. वऱ्हाडचा आणि वर्धा खोऱ्याचा कापूस हाताशी होताच. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. राजधानी, रेल्वे आणि गिरणी या तीन खांबांवर हे शहर उभे राहिले.

पहिला खांब १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गेला. त्याच्या मोबदल्यात १९५३ च्या नागपूर कराराचे आश्वासन हाती होते. त्यानुसार १९६० पासून बहुतेक वर्षी काही दिवस विधिमंडळ येथे भरते. तिसरा खांब हळूहळू कोसळला. ज्या गिरणीने सरकारी कायद्याची वाट न पाहता कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी सुरू केला होता, ती १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आज बाजारसंकुल आणि निवासी इमारती उभ्या आहेत. जो माणूस तेथे पाळी करून महिन्याचा पगार आणि निधीचे पुस्तक घरी आणीत असे, त्याचा मुलगा आज रोजंदारीवर, ठेक्यावर किंवा हातगाडीवर आहे. कामाची शाश्वती ही शहराची सर्वांत मोठी पायाभूत सोय असते. आपल्या नियोजनाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख नसतो.

आता पाण्याकडे वळू. नागपूरच्या पाण्याचा इतिहास म्हणजे घरापासून उत्तरोत्तर दूर जाण्याचा इतिहास आहे. १८७० च्या सुमारास अंबाझरी तलावाचा बांध वाढवून नळाचे पाणी आणले गेले. ते प्रथम मिळाले सरकारी अधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठित मंडळींना. शहर वाढले तसे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोरेवाडा तलाव आला, मग कन्हान नदीवरील योजना आली, आणि १९८० नंतर पेंच. आज शहराचा मोठा आधार म्हणजे नवेगाव-खैरीचा जलाशय आणि त्याच्या वर, मध्यप्रदेशाच्या सीमेवर असलेले तोतलाडोहचे धरण. शतकभरात शहराच्या वेशीवरचा तलाव अपुरा पडला आणि आपण जवळपास पन्नास किलोमीटरवर जाऊन पोहोचलो.

पेंच प्रकल्प मुळात सिंचनासाठी आणि विजेसाठी आखलेला होता. रामटेक, पारशिवनी, मौदा या भागांतल्या शेतकऱ्याला धान पिकविण्यासाठी कालव्याचे पाणी मिळेल, या वचनावर तो उभा राहिला. पुढे त्याच साठ्यातून नागपूरचा वाटा वाढत गेला आणि कोराडी-खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांचाही वाढत गेला. शहराला पाणी नको काय, असे कोणी विचारील. जरूर हवे. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याविषयी समाजवाद्यांच्या मनात कधीही संदेह नव्हता. प्रश्न आहे तो वाटणी कोणी केली याचा. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला बसविले आणि शेतीला तिसऱ्या पंक्तीत ढकलले. ओरड झाल्यावर २०११ मध्ये शेतीला पुन्हा दुसरे स्थान देण्यात आले. त्या आठ वर्षांत वाटप कोणत्या ग्रामसभेला विचारून झाले? कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला यंदा पाणी नाही हे कळते, तेव्हा ते कोणाला दिले हेही कळण्याचा त्याला अधिकार आहे.

शहराच्या आतही वाटणीचा प्रश्न आहेच. धरमपेठ विभागातील प्रयोगानंतर, मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा चालविण्याचे काम २५ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. चोवीस तास पाणी ही त्यामागील घोषणा होती. गळक्या वाहिन्या बदलल्या गेल्या, मीटर बसले, काही वस्त्यांत प्रथमच घरात नळ आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु चोवीस तासांचे वचन संपूर्ण शहरापुरते ठरल्या मुदतीत पुरे झाले नाही. जुलै २०१९ मध्ये तर तोतलाडोह तळाला गेला आणि शहराला आठवड्यातील तीन दिवस नळ बंद ठेवण्याची पाळी आली. पाऊस लांबला होता. शिवाय वरच्या अंगाला, छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच नदीवर चौराईचे धरण झाले होते. ज्या न्यायाने नागपूरने रामटेकच्या वरचे पाणी घेतले, त्याच न्यायाने कोणी नागपूरच्या वरचे पाणी अडविले. त्या दिवसांत ज्यांच्या अंगणात बोअर होती त्यांनी ती उपसली, आणि ज्यांची तेवढी ऐपत नव्हती त्यांनी टँकरपुढे गुंड रांगेत लावले. करार पाणी वाटण्याचा होता. पाणी निर्माण करण्याचे सामर्थ्य कोणत्याही कराराच्या अंगी नसते.

दुसरी नोंद विजेची. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज कोराडी आणि खापरखेडा मिळून सव्वातीन हजार मेगावॉटहून अधिक क्षमता शहराच्या उत्तर सीमेला लागून उभी आहे. ही वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते. मुंबई-पुण्याकडील घरातला दिवा लागतो त्यात उमरेड-कामठीकडच्या कोळशाचा आणि पेंचच्या पाण्याचाही अंश असतो. राख मात्र कोठेही जात नाही. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे शंभर गाड्या कोळसा जाळला की पस्तीस-चाळीस गाड्या राख मागे उरते, आणि ती कोराडी, खसाळा, वारेगाव या गावांच्या शिवारात साचते. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीत गेला. कन्हानचे पाणी नागपूर पिते, हे येथे लक्षात ठेवावे. आणि त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच मे २०२३ मध्ये, त्याच कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. फुटलेल्या बांधाचा हिशेब आधी, नवे संच मागाहून, असा क्रम साध्या संसारी माणसालाही सुचला असता.

या नोंदीत एक गोष्ट मात्र नागपूरच्या जमेस निःसंशय धरली पाहिजे. भांडेवाडी येथे शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून रोज सुमारे १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना गेल्या दशकात उभी राहिली. तेवढे स्वच्छ पाणी पेंचमध्ये वाचले. देशात याचा कित्ता गिरवावा असे हे काम आहे. अभियंत्यांना आणि कामगारांना मार्ग सापडतो. तो सापडावा अशी राजकीय इच्छा असावी लागते, एवढेच यातून सिद्ध होते.

परंतु जे सांडपाणी या योजनेत येत नाही त्याचे काय? ज्या नदीच्या नावावरून शहराला नाव मिळाले, ती नाग नदी वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीपासून पारडीपर्यंत शहरातून वाहते आणि शहराबाहेर पडते तेव्हा ती नदी म्हणून ओळखू येत नाही. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. तो संगम आंभोऱ्याचा. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथे लिहिला अशी विदर्भाची परंपरा सांगते. आज त्या संगमावर गोसीखुर्द धरणाचे पाणी तुंबलेले आहे. १९८८ मध्ये ज्या धरणाची कोनशिला बसली, त्याच्यासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील कित्येक गावे उठली. त्या गावांना जमीन द्यावी लागली आणि उरलेल्यांच्या वाट्याला नागपूरचे गटार आले. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना केंद्राने मंजूर केली आहे. ती पुरी होवो, अशीच आपली इच्छा आहे. तथापि नदी मलिन झाली तेव्हा जे प्राधिकरण गप्प होते, त्याच्याच हाती शुद्धीचे काम देताना त्यावर लक्ष ठेवणारे डोळे आंभोऱ्याकडचे असावेत.

आता रस्ते आणि वाहतूक. ऑगस्ट २०१४ मध्ये मेट्रोची कोनशिला बसली, मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावू लागला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी दोन्ही मार्ग पुरे झाले: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. सुमारे चाळीस किलोमीटर, खर्च साडेआठ हजार कोटींच्या वर. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला. आठ वर्षांत एवढे काम होऊ शकते, याचे मला कौतुकच वाटते. आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. नागपूर-नागभीड ही अरुंद मार्गावरची लहानशी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. कुही, उमरेड, भिवापूर येथील भाजीवाल्या, मजूर, विद्यार्थी आणि मिरचीचे पोते घेऊन निघालेला शेतकरी यांची ती गाडी होती. तिचे रुंदीकरण व्हावे हे योग्यच. परंतु त्या कामाला मेट्रोची निकड कधी लाभली नाही. वर्षांमागून वर्षे त्या लोकांनी बसचे दुप्पट भाडे मोजले.

मेट्रो नको, असे म्हणणारा मी नव्हे. परंतु ज्या शहरातील सुमारे एक तृतीयांश लोक झोपडपट्ट्यांत राहतात, तेथे सकाळी सहा वाजता सायकलवर हिंगण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला, बर्डीवर धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला प्रथम हवी असते ती घराजवळून वेळेवर सुटणारी बस. साध्या बसच्या पायावर मेट्रोचा कळस चढावा; येथे कळस आधी झाला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेले ११४ गोवारी बांधव, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, पोलिसांच्या कारवाईनंतरच्या चेंगराचेंगरीत प्राणास मुकले. ज्यांचे म्हणणे ऐकायला कोणी बाहेर आले नाही, त्यांचे नाव आपण पुलाला दिले आणि त्यावरून वेगाने निघून जाऊ लागलो. एवढ्याने त्यांचे देणे फिटले असे मी मानीत नाही.

जमिनीची नोंद सर्वांत गुंतागुंतीची आहे. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली नासुप्र, अस्तित्वात आली. मनपा १९५१ पासून. एकाच शहरात दोन मालक. या दोघांच्या मध्ये जी फट राहिली, तीत शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकणाऱ्यांचा धंदा फोफावला. '५७२ आणि १९०० लेआउट' हा शब्दप्रयोग नागपूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गिरणीकामगार, शिक्षक, शिपाई यांनी जन्माची पुंजी घालून तेथे घरे बांधली. रस्ता, गटार, नळ यांतले काहीच नव्हते. मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यांच्याचकडून विकासशुल्क घेऊन ती नियमित करण्यास सुरुवात झाली. प्लॉट विकणारा पैसे घेऊन गेला होता. शहराच्या दक्षिणेला मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी गेल्या. विमानतळाचे मालवाहू केंद्र आणि हजारो नोकऱ्या यांची स्वप्ने दाखविली गेली. काही उद्योग आले, काही तरुणांना काम मिळाले. परंतु प्रकल्पग्रस्तांचे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे अर्ज दोन दशके कार्यालयांतून फिरत राहिले.

आणि निसर्ग आपली नोंद स्वतः करतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून घरांत शिरली. माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. या वेळी झोपडपट्टीबरोबर धरमपेठेकडील सुखवस्तू वसाहतीही बुडाल्या आणि नाल्यावर भिंत कोणी बांधली, सांडव्यापुढे बांधकाम कोणी होऊ दिले, हे प्रश्न प्रथमच मोठ्या आवाजात विचारले गेले. गरिबांच्या वस्त्या हे प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात विचारीत आल्या होत्या.

हे प्रश्न विचारायचे तरी कोणाला? मनपाच्या निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. पूर आला त्या पहाटे नागपूरकराला जाब विचारण्यासाठी स्वतःचा नगरसेवक नव्हता. नासुप्रचे विश्वस्त मंडळ लोकांच्या थेट मताने येत नाही. २०१७ मध्ये सातशेहून अधिक गावांवर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नेमण्यात आले, तेही नियुक्त्यांनी चालणारे. मेट्रो, विमानतळ, महामार्ग आणि वीज यांची महामंडळे आपापल्या जागी. प्रत्येकाचे अंदाजपत्रक मोठे आणि प्रत्येकाचा मालक नागपूरबाहेर. ज्या गावच्या शिवारातून जलवाहिनी जाते, त्या गावचा सरपंच या कोणत्याही बैठकीत नसतो.

राज्यघटनेने याला उपाय सांगितलेला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे निदान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडलेल्या सदस्यांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून, त्यांनीच निवडलेले असावेत, असे ती तरतूद सांगते. डॉ. लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव आणि जिल्हा हे राज्य व केंद्र यांच्याइतकेच भक्कम खांब असावेत, हाच तिचा गाभा होता. घटनेत आलेल्या या तरतुदीला प्राधिकरणाच्या सावलीत कोमेजू दिले गेले, आणि आपणही ते होऊ दिले. येथे आपल्या चळवळीची चूक मी मान्य करतो. आपण पाण्यासाठी मोर्चे काढले, घरपट्टीविरुद्ध धरणी धरली, प्रकल्पग्रस्तांबरोबर बसलो. पण पेंचच्या शेतकऱ्याला नागपूरच्या झोपडपट्टीतील बाईशेजारी एका सतरंजीवर कधी बसविले नाही. त्यामुळे शहर विरुद्ध गाव हे भांडण सत्ताधाऱ्यांना फुकट मिळाले.

लोक एकत्र आले की काय होते याचे उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाचे काम लोकांनी थांबविले. स्तूपाला धोका पोहोचेल ही त्यांची भीती होती आणि त्या जागेविषयी निर्णय घेताना आपल्याला विचारले नाही हा त्यांचा राग होता. त्या दिवशीची मोडतोड टाळता आली असती तर बरे झाले असते. परंतु सरकारने त्याच दिवशी कामाला स्थगिती दिली. आधी विचारले असते तर ही वेळच आली नसती.

म्हणून तीन मागण्या मी तुमच्यापुढे ठेवतो. महानगर नियोजन समिती निवडणुकीने स्थापन होऊन तिच्या बैठका जाहीरपणे व्हाव्यात आणि प्राधिकरणे तिला उत्तरदायी असावीत. पेंच व कन्हानचे पाणी, कोराडीची राख आणि शहराचे सांडपाणी यांचा वार्षिक ताळेबंद मनपाच्या सभागृहाबरोबरच संबंधित ग्रामसभांपुढेही वाचला जावा. आणि यापुढे शहराच्या वाहतुकीवर जो पैसा खर्च होईल, त्यात बसचा आणि पायी चालणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवला जावा.

ठराव आपण पुष्कळ केले आहेत, म्हणून एक काम सुचवून थांबतो. येत्या हिवाळ्यात, विधिमंडळ नागपुरात असेल त्या दिवसांत, आपल्यातील वीस-पंचवीस जणांनी लाव्याच्या टेकडीपासून आंभोऱ्यापर्यंत नाग नदीच्या काठाने चालत जावे. वाटेत अंबाझरी, बर्डी, भांडेवाडी, कुहीकडची गावे लागतील. प्रत्येक ठिकाणी मुक्काम करावा, नदी येथे काय घेऊन आली आणि येथून काय घेऊन गेली हे तेथल्या माणसांना विचारावे आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. परत आल्यावर ती वही विधानभवनाच्या दारात जाहीरपणे वाचावी. नावांची यादी आजच सुरू करू. पहिले नाव माझे लिहून घ्या.